माणसांचं पथ्य

जावेचं आणि माझं पटत नाही हे सिद्ध करायला विज्ञानाची काही गरज नव्हती. आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. पण विज्ञानाने ते सिद्ध केलं, तेही माझ्याच बोटातून, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

मी हर्षदा कडोलकर. बी.एस्सी. होऊन बेळगावात या घरी सून म्हणून आले आणि आठवड्याच्या आत माझ्या हाती कणीक आली. घर मांडे करणाऱ्यांचं. आमच्याकडे लग्नाच्या रुखवतात मांडे लागतातच, आणि मांडे खावेत तर कडोलकरांचे, असं निदान आम्ही तरी समजतो. पिठीसाखरेचं सारण भरलेला उंडा हातावर झेलत झेलत पातळ करत न्यायचा, कोपरापर्यंत आला की चुलीवर उपड्या घातलेल्या तापलेल्या मातीच्या खापरीवर टाकायचा. तो खापरीवर दोन-चार श्वासांपुरताच मऊ असतो. तेवढ्यात घडी पडली तर मांडा, नाही तर पापड. म्हणून हे काम एकटीचं नाही. एकीने टाकायचं, दुसरीने त्याच क्षणी घडी घालायची. टाकणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, शालनअक्का. घडी घालणारी मी.

अक्कांना मूल नाही, आणि माझे दीर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं जग म्हणजे खापरी. मी बोलते आणि त्या गप्प बसतात, हा आमच्या संसाराचा क्रम. भांडणसुद्धा तसंच. मी अर्धा तास बोलावं आणि त्यांनी शेवटी "झालं?" एवढंच विचारावं. असं माणूस सोबत असलं की डोकं फिरतं की नाही, तुम्हीच सांगा. त्यातून घरची एक रीत. पहिला मांडा चुलीला दाखवल्याशिवाय टाकणारीने तोंडात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही. सासूबाईंनी घालून दिलेली ही रीत अक्का रोज पाळायच्या. त्यांना साखरेचा आजार झाला, सकाळच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी पाळायच्या. गोळी घ्यायची आणि उपाशी बसायचं, म्हणजे रीतही राहिली आणि औषधही झालं, असा त्यांचा हिशेब.

तर त्या सकाळी अक्कांनी मांडा टाकला आणि मी घडी घातली नाही.

हात समोर होता. मांडा समोर होता. हात त्याच्याकडे जाईना, एवढंच. अक्का म्हणाल्या, "काय बघालीस? घाल की घडी." मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते शब्द माझे मलाच ओळखू आले नाहीत. अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, खापरी तशीच टाकून मला धरलं आणि माझ्या नवऱ्याला, उदयला, अशी हाक मारली की शेजारचे आधी आले. त्यांना एवढा मोठा आवाज आहे हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात मेंदूतली गुठळी तासाभरात काढली. डॉक्टर हुक्केरी म्हणून एक तरुण बाई होत्या, चहा गार व्हायच्या आत दहा वाक्यं बोलणाऱ्या. मला आवडल्या. चार दिवसांनी मी त्यांना विचारलं, गुठळी निघाली म्हणता, रक्त सुरू झालं म्हणता, मग माझी दोन बोटं का उठत नाहीत?

"मोठी वाहिनी मोकळी झाली," त्या म्हणाल्या. "पण मेंदूचं पोट मोठ्या वाहिनीवर भरत नाही. ते भरतं केशवाहिन्यांवर. मुख्य पाइपला पाणी आलं म्हणून तुमच्या गल्लीत येतंच असं नाही ना? तसं झालंय."

मग त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. केशवाहिनी इतकी अरुंद असते की रक्तातल्या तांबड्या पेशीलाही अंग चोरून, एकामागे एक जावं लागतं. त्या नळीच्या बाहेरून ठरावीक अंतरावर एकेक पेशी चिकटून बसलेली असते, हातपाय नळीभोवती गुंडाळून. तिचं नाव पेरिसाइट, मराठीत परिपेशी. बरीच वर्षं शास्त्रज्ञांना वाटायचं की ही नुसती नळीला टेकू देते. नंतर कळलं की घरात हिचंच राज्य. ही आवळली की वाट अरुंद, सैल झाली की वाट मोकळी. कुठल्या भागाला किती रक्त द्यायचं, कुठल्या गोष्टी रक्तातून मेंदूत झिरपू द्यायच्या, यातलं बरंच ही ठरवते. आणि रक्त अचानक थांबलं की ही घाबरते आणि घट्ट आवळून धरते. पुढे गुठळी निघते, रक्त परत येतं, पण ही सोडत नाही. काही परिपेशी तर आवळलेल्या अवस्थेतच मरतात. मग ती वाट कायमची गेली.

"तुमच्या अजून जिवंत आहेत," हुक्केरी म्हणाल्या. "आवळून बसल्यात, पण जिवंत आहेत. औषधाने थोड्या सुटतील. बाकीच्या शांतपणे राहिलात तर सुटतील. पण आता असा आणखी एक झटका आला, तर हात विसरा. कदाचित बोलणंही."

"शांतपणे म्हणजे कसं?"

"तेच तर मोजायचंय," म्हणून त्यांनी माझ्या बोटात वेढं घातलं.

वेढं आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. साधं कडं, त्याला नखाच्या मुळाशी टेकणारी एक जीभ. नखाच्या मुळाशी केशवाहिन्या कातडीच्या अगदी वर येतात, तिथे उजेड टाकून ते परिपेशींचं आवळणं-सुटणं बघत बसतं. फार आवळलं की थरथरतं. कुणाजवळ त्या सैल राहिल्या तर आलेखात त्या माणसाचं नाव हिरवं येतं, आवळल्या तर लाल. शिवाय आसपास कोण आहे हे आवाजावरून आणि त्यांच्याजवळच्या फोनवरून ओळखतं. काय बोललात ते ऐकत नाही, कोण बोललं एवढंच ठेवतं. कारण तोपर्यंत सिद्ध झालं होतं की परिपेशी मीठ-तेलाइतकंच माणसांचंही ऐकतात. धास्तीची रसायनं रक्तात थेंबभर उतरली तरी त्या आवळतात. दिवसातून दहा वेळा आवळणं, वर्षानुवर्षं, यातून वाहिन्या आतून चरत जातात. म्हणून डॉक्टर लोणचं-पापडासोबत माणसंही बंद करायला लागले. लोक त्याला माणसांचं पथ्य म्हणायला लागले.

गावात नुसता धुमाकूळ होता. कचेऱ्यांतली टेबलं वेढ्याप्रमाणे हलली. एका मुलीने साखरपुड्याच्या आधी मुलाला वेढं घालायला लावलं आणि दोघांचंही हिरवं आलं म्हणून पेढे वाटले, मग सासूचं लाल आलं म्हणून लग्न मोडलं. मंगल कार्यालयांत पंगती पथ्याप्रमाणे बसायला लागल्या. एक गृहस्थ सासुरवाडीला जायचं टाळायला पथ्याचं खोटं सांगायचे, त्यांची बायको वेढं तपासायला घेऊन गेली. मी हे सगळं ऐकून पोट धरून हसायचे, माझी पाळी येईपर्यंत.

महिन्याने हुक्केरींनी माझा आलेख पडद्यावर लावला. उदय हिरवा. पुण्याची माझी मुलगी ईशानी, फोनवरून का होईना, हिरवी. दूधवाला, शेजारी, गिऱ्हाइकं, सगळी फिकट. आणि एक नाव लालभडक. शालन कडोलकर.

"एका खोलीत बसायचं नाही," हुक्केरी म्हणाल्या. "निदान सहा महिने. मी औषधाइतकंच गंभीरपणे सांगतेय."

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं ही बाई मला छळते असं मी म्हणायचे आणि उदय म्हणायचा, "तुझ्या मनाचे खेळ." आता रंगीत पुरावा होता. घरी येताना मी रिक्षात त्याला तो तीनदा दाखवला.

अक्कांना सांगताना मात्र माझी जीभ जरा अडखळली. आजारानेच अडखळली, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ त्यांनी पदराला लागलेलं पीठ झटकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी कोठीत बसते."

कोठी म्हणजे अंगणापलीकडची धान्याची खोली. तिथे बसून त्या कणीक मळणार, साखर दळणार. इकडे खापरीपाशी मी आणि उदयने आणलेला यांत्रिक हात. अक्का टाकत तसं मी डाव्या हातावर जोर देऊन कसंबसं टाकायचे, हा हात घडी घालायचा. कंपनीवाल्याने सांगितलं होतं, माणसापेक्षा अचूक. अचूक होताच. प्रत्येक मांडा एकाच जागी मोडायचा. कडा किंचित उचलून, वाफ जाऊ देऊन मग दाबायचं असतं, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगायचे. "अरे मेल्या, मांडा आहे तो, पत्रा नव्हे," असं सकाळपासून चालू. उदय म्हणायचा, यंत्राला शिव्या घालणारी पहिलीच बाई बघतोय.

माझा आलेख हिरवा होत गेला. पहिलं बोट सुटलं, मग दुसरं हलायला लागलं. महिना-दीड महिन्यात मी माझी वेणी माझ्या हाताने घालायला लागले. हुक्केरी खूश. मी खूश असायला हवी होते.

पण मला चैन पडत नव्हतं. कणीक येते, साखर येते, माणूस येत नाही. खापरीपाशी बसलं की मान आपोआप उजवीकडे वळायची, तिथे यंत्राचं पांढरं मनगट. मी उदयला म्हणायचे, "अहो, जरा कोठीत बघून या."

"आत्ताच तर बघून आलो. बसलीय निवांत."

"खाल्लं का विचारलंत?"

"तूच विचार की फोन करून."

फोनवर अक्का "हो" किंवा "नाही" म्हणायच्या, त्यातून काय कळणार कपाळ? मी पुन्हा उदयला पाठवायचे. त्याच्या चपलांचे तळ झिजले. वेढ्यावर अधूनमधून एक पिवळी रेघ उमटायची, तिच्यापुढे लिहिलेलं असायचं, कारण अज्ञात. मी हुक्केरींना विचारलं तर त्या म्हणाल्या, थोडी पिवळी असतेच सगळ्यांना.

मग अक्कांच्या पायाचं निघालं. नव्या चपलेचा पट्टा लागून करंगळीशी जखम झाली होती. त्यांनी हळद भरून वर फडकं बांधलं आणि कुणाला सांगितलं नाही. उदयला वास आला तेव्हा करंगळी निळी पडली होती. साखरेच्या आजारात परिपेशी आधी बिघडतात, हे मला आता माहीत होतं. काही गळून जातात, उरलेल्या आवळून बसतात, पायाच्या टोकाला रक्त पोचत नाही आणि जखम उपाशी राहते. हुक्केरींनी औषध सुरू केलं, अक्कांच्याही बोटात वेढं आलं, आणि पायाच्या बोटाला तसलंच एक. रोज उदय त्यांना पट्टी बदलायला न्यायचा. मी पथ्यावर होते, त्यामुळे दारातून बघायचे.

एका सकाळी हुक्केरींचा मला फोन आला. एकटीच या, म्हणाल्या.

"हे मी तुम्हाला सांगू नये," मी बसताच त्या म्हणाल्या. "नियम तर आहेच, शिवाय शालनबाईंनीच सांगू नका म्हटलंय. पण त्यांची जखम भरत नाहीये. अजून काही आठवडे असंच राहिलं तर आधी बोटं काढावी लागतील, मग कदाचित पाऊल. औषधाने त्यांच्या परिपेशी सुटत नाहीत. एकाच गोष्टीने सुटतात. रोज सकाळी काही वेळ सुटतात, पायाला रक्त पोचतं, जखमेच्या कडा गुलाबी होतात. आणि मग पुन्हा बंद."

"कशाने?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सबंध आलेख राखाडी होता. रोज सकाळी त्यात एक हिरवा पट्टा. नाव माझं.

"पण मी तर तिकडे जातच नाही," मी म्हटलं. "तुम्हीच तर..."

"तुमचा आवाज जातो. त्या खिडकीशी बसतात. तुम्ही कुणावर तरी ओरडत असता रोज सकाळी."

मी यंत्रावर ओरडत होते. मी त्या मेल्या लोखंडी हाताला शिव्या देत होते आणि अंगणापलीकडे अक्कांच्या पायात रक्त उतरत होतं. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. हुक्केरींनी पाण्याचा पेला पुढे केला.

"त्यांना हे कधीपासून माहितीये?"

"पहिल्या आठवड्यापासून. मी म्हटलं, हर्षदाताईंना विचारूया. तर म्हणाल्या, तिचा हात नुकता बरा व्हायला लागलाय, तिला काही कळता कामा नये."

मी घरी गेले नाही. मी तिथेच बसून राहिले आणि माझ्यातली जुनी बी.एस्सी. जागी झाली. मी म्हटलं, मला माझा पहिल्या महिन्याचा आलेख दाखवा, दिवसाची सरासरी नको, मिनिटामिनिटाचा दाखवा. त्या म्हणाल्या, तसा कुणी बघत नाही. मी म्हटलं, मी बघते. अक्का मला लाल करतात, ते नेमकं कधी करतात तेवढं मला बघू द्या. त्या माझ्याशी चार शब्द बोलतात ते केव्हा, मला टोमणा मारतात ते केव्हा, सगळं.

आम्ही दोघींनी कोण बोललं याची पट्टी आणि परिपेशींची पट्टी एकाखाली एक लावली. मी बोलत होते तिथे माझ्या वाहिन्या ठीक होत्या. आमची जुंपली होती तिथेही ठीक, उलट जरा मोकळ्याच. अक्का बोलल्या, एखाद-दुसरा शब्द, तिथे तर अगदी छान हिरवं. हुक्केरी पुढे पुढे सरकवत गेल्या आणि मग त्यांचा हात थांबला. लाल सगळं एकाच प्रकारच्या जागी होतं. मी बोलायची थांबलेली, अक्का खोलीत आहेत, आणि त्यांचा आवाज नाही.

"त्या गप्प असताना," हुक्केरी म्हणाल्या. "तेही सकाळी. दुपारनंतर फारसं नाही. असं का असेल?"

मला ते लगेच कळलं, इतकं सोपं होतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी अक्का उपाशीपोटी, गोळी घेऊन, खापरीपाशी बसल्या होत्या. साखर उतरली आणि त्या काही न बोलता चुलीवर कलंडल्या. नुसत्या कलंडल्या, ओरडल्याही नाहीत. पदर पेटला होता. मी ओढलं म्हणून वाचल्या, दंडावर डाग आहे अजून. त्या दिवसापासून रोज पहिला मांडा होईपर्यंत माझा एक कान त्यांच्याकडे असायचा. त्या गप्प झाल्या की हा राग आहे की भोवळ, हे कळेपर्यंत माझा श्वास अडकायचा. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. मी त्याला चीड समजत होते. चिडायचेही, त्यात खोटं नाही.

"म्हणजे त्यांचा तुम्हाला त्रास नव्हता," हुक्केरी म्हणाल्या. "तुम्हाला त्यांची काळजी होती."

"मग पथ्य रद्द करा."

त्यांनी मान हलवली. "परिपेशीला कारण कळत नाही, हर्षदाताई. राग असो, माया असो, तिला आवळायचं एवढंच कळतं. तुमच्या वाहिन्यांना धोका तेवढाच होता आणि परत जवळ बसलात तर तेवढाच आहे. त्या जेवून बसल्या तर धास्ती थोडी कमी होईल. पण इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. मी डॉक्टर म्हणून तुम्हाला जा म्हणू शकत नाही. तुम्ही दोघी माझ्या पेशंट आहात, एकीचा पाय आणि दुसरीचा हात मला तोलता येत नाही."

तोलायचं मलाच होतं. रस्ताभर मी तोलत आले. माझ्या हाताकडे बघत होते, उघडत होते, मिटत होते. वेणी घालता येण्याचं सुख काय असतं ते हात गेलेल्या बाईलाच कळतं. मला भीती वाटत होती, आणि ती मी लपवणार नाही. बोलणंही जाऊ शकतं, म्हणाल्या होत्या. मी आणि बोलणं नाही. उदय हसला असता, मग रडला असता.

घरी आले ती थेट कोठीच्या खिडकीशी गेले. अक्का कणीक मळत होत्या, पाय स्टुलावर.

"अक्का, तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "पथ्य मोडालीस."

"विषय बदलू नका. पाय जायला आलाय आणि तुम्ही गप्प बसलात. सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? ये, माझ्याजवळ बस, आणि तुझा हात दे, असं सांगू?" त्यांनी कणकेला एक गुद्दा मारला. "तुला लेक आहे. नवरा आहे. मला पायाचं काय करायचंय? बसूनच तर काम हाय."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू आली असतीस. म्हणून विचारलं न्हाई."

मी उदयला हाक मारली आणि म्हटलं, तो लोखंडी हात उचलून माळ्यावर टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का लंगडत खापरीपाशी आल्या. त्यांच्या जागेसमोर मी ताटलीत भाकरी, लोणी आणि चहाचा पेला ठेवला होता. त्या ताटलीकडे बघत राहिल्या.

"पहिला मांडा झाल्यावर," त्या म्हणाल्या.

"आधी खायचं. मग मांडा."

"रीत हाय घराची. सासूबाईंनी हातात खापरी दिली तेव्हा शब्द घेतलाय माझा."

"सासूबाईंना साखर नव्हती. दोन्ही पाय धड घेऊन गेल्या त्या."

"हर्षदा."

"तुम्ही खाणार नसाल तर मी उठते. खरंच उठते. तुम्ही उपाशी गप्प बसलात की माझ्या डोक्यातल्या नसा आवळतात, डॉक्टरांकडे छापील आहे ते. तुम्हाला माझा हात वाचवायचा होता ना? मग एवढी भाकरी खा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं, बराच वेळ. चुलीला हात जोडले आणि भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात घालताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यभर पाळलेली गोष्ट मोडताना माणसाला असंच होत असणार. सगळी भाकरी संपेपर्यंत मी नुसती बघत बसले आणि मलाही रडू येत होतं.

मग कामाला लागलो. अक्कांनी पहिला मांडा टाकला. माझी बोटं थोडी उशिरा पोचली, चटका बसला, पण घडी पडली. वाकडी पडली. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला मला जुनी लय सापडली आणि मी कामात बुडून गेले, मुकाट.

अक्काही गप्प होत्या.

माझ्या बोटातलं वेढं थरथरलं. त्यांनी भाकरी खाल्लेली मी डोळ्यांनी पाहिली होती, पोट भरलं होतं, त्या समोर धडधाकट बसल्या होत्या, सगळं मला ठाऊक होतं. पण माझ्या परिपेशींना कुठे ठाऊक होतं? त्यांनी आपल्या सवयीने आवळायला सुरुवात केली होती. मला मानेपाशी जडपणा जाणवला. मी हात मागे घ्यावा की न घ्यावा या विचारात होते.

अक्कांनी थरथर ऐकली. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.

"गणाचारींच्या थोरल्या सुनेनं गाय आणलीय," त्या म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. अक्का कधी असं आपणहून बोलत नसत.

"काळी हाय. दूध चांगलं देते म्हणत होती. पण शिंगं वाकडी. त्यांच्या दारातून जायचं म्हणजे भ्या वाटतंय." त्यांनी मांडा टाकला. मी घडी घातली. "आणि बाजारात यंदा वांगी काय धड न्हाईत. मी परवा आणली, सगळी बियाळ. तुला वांगं आवडत न्हाई ते बरंच. तुला काहीच आवडत न्हाई म्हणा. लग्नात तू मांडासुद्धा पानात अर्धा टाकलेलास. मी बघितलेलं."

"मी अर्धा टाकला नव्हता."

"टाकलेलास. तुझ्या आईनं झाकून घेतलं."

वेढं थांबलं. मी उत्तर दिलं, त्यावर त्यांनी उत्तर दिलं. मी थांबले की त्या काहीतरी काढायच्या, जमेल तसं, घाम पुसत. जन्मात जमवलेले सगळे शब्द त्या सकाळी एकदम खर्चायला निघाल्यासारख्या बोलत होत्या. त्यांना बोलायची सवय नव्हती. श्वास लागत होता, वाक्यं अर्ध्यावर तुटत होती, विषय पटापट संपत होते. संपले की त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची आणि त्या घाईघाईने आजूबाजूला बघून नवा विषय शोधायच्या. खापरीबद्दल बोलल्या, सरपणाबद्दल बोलल्या, छपराच्या पत्र्याबद्दल बोलल्या. मग काही सुचेना, तेव्हा पुन्हा गणाचारींच्या गायीवर आल्या.

"काळी हाय," त्या म्हणाल्या. "शिंगं वाकडी."

मी घडी घातली आणि हूं म्हटलं.